घसा बसला म्हणून बेनेडिक्टाइन मठात जाऊन बसलो

मी लातूरला बायोलॉजी शिकवतो, नीटच्या बॅचेस. लातूर पॅटर्न काय असतो ते आता नव्यानं सांगत बसत नाही, ज्यांच्या घरात अकरावी-बारावीचं पोरगं आहे त्यांना माहितीच आहे. सकाळी सहाला पहिली बॅच, रात्री साडेआठला शेवटची, मधे डाउट सेशन, रविवारी टेस्ट, सोळा वर्षं झाली हेच चालू आहे. तर गेल्या दसऱ्याच्या आसपास आवाज फाटायला लागला. समोर शंभर-सव्वाशे पोरं असतात, कॉलरला माइक असतो, पण माइक असला तरी माणूस ओरडतोच, सवयच तशी लागलेली. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेवटी ईएनटीकडे गेलो. त्यांनी नाकातून दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं, दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी. ज्या स्वरयंत्राची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढतो ते स्वतःचं बघायला मिळालं, आणि आकृतीपेक्षा बरंच ओबडधोबड निघालं.

डॉक्टर म्हणाले नोड्यूल्स आहेत, शिक्षकांना आणि गाणाऱ्यांना होतातच, ऑपरेशन नको, पंधरा दिवस पूर्ण व्हॉइस रेस्ट आणि मग स्पीच थेरपी. कुजबुजायचं पण नाही म्हणाले, त्यानं उलट जास्त ताण येतो. मी मान हलवली आणि "बरं" म्हणलं, तर ते म्हणाले हे "बरं" पण नाही.

आता पंधरा दिवस आले नेमके दिवाळीत. दिवाळीत मराठवाड्यातल्या घरात गप्प बसून दाखवा बरं कुणी. पाहुणे येतात, काय झालं विचारतात, बायको सांगते, मग ते आपापले उपाय सांगतात, मग आपण नुसतं मान हलवत बसलो तर म्हणतात सर लई मनाला लावून घेतलेत वाटतं. लेकीची मॅजिक स्लेट घेतली होती, त्यावर लिहून दाखवायचो, तर एक मावशी म्हणल्या चष्मा नाही रे आणला, तोंडानं सांग. भाऊबीजेपर्यंत कसंतरी काढलं. मग बायकोच म्हणली, कुठंतरी जाऊन ये बाबा, इथं राहिलास तर बोलशीलच.

पहिला विचार अर्थातच विपश्यनेचा. पण तो दहा दिवसांचा कोर्स, आधीचा-नंतरचा दिवस धरून बारा, आणि माझ्याकडे होते नऊ. आमच्या क्लासला फिजिक्सला एक सर आहेत केरळचे, ख्रिश्चन, त्यांनी मेसेज केला की तमिळनाडूत कावेरीकाठी एक मठ आहे, बेनेडिक्टाइन म्हणजे एका पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा, शांतिवनम नावाचा, तिथं जा, कुणीही जाऊ शकतं, कोर्स नाही, सिलॅबस नाही, त्यांचं जे वेळापत्रक आहे त्यात आपण जाऊन राहायचं बस. सिलॅबस नाही हे वाचूनच मी निम्मा तयार झालो. ईमेल केला, मी हिंदू आहे हे पण लिहिलं आणि बोलता येत नाही हे पण लिहिलं, दोन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं की या, खोली आहे.

घरी सांगितलं तर आई म्हणली, पंढरपूर काय लांब होतं का? शेजारचे काका दारातच भेटले, "काय सर, धर्म बदलायला चाललाव की काय?" मी स्लेटवर लिहिलं, घसा बदलायला. काका हसले पण समाधान झालेलं दिसलं नाही.

लातूरहून एसटीनं सोलापूर, तिथून रात्रीची चेन्नईची गाडी, चेन्नईहून त्रिची, त्रिचीहून करूरकडे जाणारी बस, आणि कुळित्तलैच्या थोडं अलीकडे तण्णीरपल्ली म्हणून गाव आहे तिथं उतरायचं. न बोलता एवढा प्रवास होतो हे मला पहिल्यांदा कळलं, आणि तिकडं तसंही मला बोलून काय उपयोग होता. तण्णीर म्हणजे तमिळमध्ये पाणी. २०१६ ला ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावचा माणूस पाण्याच्या नावाच्या गावात उतरला, हे बसमधून उतरताना डोक्यात आलं आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

फाटकातून आत गेलं की नारळाची झाडं, गोठा, बैठ्या खोल्या, आणि समोर देऊळ. मी चर्च शोधत होतो. देवळाला चक्क गोपुर आहे आणि त्यावर तीन मुखांची मूर्ती, आपल्या त्रिमूर्तीसारखी, पण ती ख्रिस्ती त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आश्रमाचं खरं नाव पण सच्चिदानंद आश्रम, सत् चित् आनंद हे त्या तिघांना लावलेलं. आत खुर्च्या नाहीत, बाकं नाहीत, जमिनीवर बसायचं, आणि शेवटी अंधारा गाभारा, त्यात दिवा. एक ब्रदर आले, भगवी वस्त्रं, अनवाणी, मी स्लेट पुढं केली तर त्यांनी वाचलं, हसले, आणि तेही बोलायचं सोडून खुणांवरच आले. खोली दाखवली. पलंग, टेबल, मच्छरदाणी, पंखा. बस.

थोडं कोण काय ते सांगतो, कारण मला पण तिथं लायब्ररीत बसूनच कळलं. बेनेडिक्ट हा सहाव्या शतकातला इटलीतला साधू, त्यानं मठात कसं राहायचं याची नियमावली लिहिली, ७३ छोटी छोटी प्रकरणं, आणि जवळपास १,५०० वर्षं झाली तरी जगभरचे मठ त्यावर चालतात. हा आश्रम मात्र १९५० चा, २१ मार्चला, बेनेडिक्टच्या सणाच्या दिवशी, दोन फ्रेंच माणसांनी सुरू केला, फादर मोंशानँ आणि फादर ल सो. ल सो हे बेनेडिक्टाइन, तिरुवण्णामलैच्या अरुणाचल डोंगरापाशी रमण महर्षींना पाहून आलेले, पुढं स्वतःचं नाव अभिषिक्तानंद घेतलं आणि हिमालयात जाऊन राहिले. ते निघाले तेव्हा, १९६८ ला, केरळातून बीड ग्रिफिथ्स म्हणून इंग्रज साधू आले आणि पंचवीस वर्षं इथंच राहिले, इथंच गेले. नाव बीड. आमच्या शेजारच्या जिल्ह्याचं नाव. मला एकट्यालाच हसू येत होतं, तिथल्या कुणाला ते समजावून सांगणं पण अवघड. त्यांची समाधी देवळाजवळच आहे, साल १९९३. आम्हा लातूरकरांना १९९३ म्हणलं की एकच आठवतं. ते गेले मे महिन्यात, किल्लारीचा भूकंप सप्टेंबरात, ३० तारखेला पहाटे. मी तेव्हा दहा वर्षांचा, आम्ही सगळे औसा रोडला रस्त्यावर चादरी टाकून झोपायचो कितीतरी दिवस. समाधीपुढं उभं राहून मी त्या साधूचा विचार करायचा सोडून त्या चादरींचाच विचार करत होतो.

पहाटे पाचला घंटा. मग नामजप, थोडा वेळ ध्यान, साडेसहाच्या सुमाराला सकाळची प्रार्थना आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मग नाश्ता, दुपारी बाराच्या पुढं दुसरी प्रार्थना, जेवण, चहा, संध्याकाळी पुन्हा ध्यान, पुन्हा प्रार्थना, जेवण, झोपायच्या आधी पुन्हा नामजप. सकाळी कपाळाला चंदन, दुपारी कुंकू, रात्री विभूती. सकाळी गायत्री मंत्र झाला तेव्हा मी दचकलोच, खरं सांगतो, बरं पण वाटलं आणि जरा खटकलं पण, की हे आपलं यांच्याकडे कसं. हे खटकणं नवीन नाही म्हणा, ऐंशीच्या दशकात यावरून बराच वाद झाला होता, हिंदूंकडून पण टीका झाली आणि कॅथलिकांमधल्या कडव्या लोकांना पण हे चालत नव्हतं. माझं विचाराल तर, तिसऱ्या दिवसानंतर माझं लक्षच गेलं नाही त्याच्याकडे. मिस्साच्या वेळी प्रसादासारखं जे देतात ते कॅथलिक नसलेल्यांसाठी नसतं, त्यामुळे मी बसून राहायचो, कुणी वळून पण बघायचं नाही.

प्रार्थनेत मुख्य असतात ती स्तोत्रं, बायबलमधली, एकूण १५०. बेनेडिक्टनं लिहिलंय की आठवड्यात सगळी १५० झालीच पाहिजेत, आपल्या पूर्वजांनी एका दिवसात केली, आपण आळशी, निदान आठवड्यात तरी करू. हे वाचून मला आईच आठवली, तिचं पण असंच असतं, म्हणते आमच्या सासूबाई रोज हरिपाठ करून वर ज्ञानेश्वरीचा अध्याय वाचायच्या, आम्ही निदान हरिपाठ तरी. आणि म्हणायची पद्धत कशी, तर निम्मे लोक एक कडवं म्हणणार, मग समोरचे निम्मे पुढचं. आपल्याकडे भजनात टाळकरी दोन रांगा करून समोरासमोर उभे राहतात आणि एक रांग चरण म्हणते, दुसरी उचलते, डिट्टो तसं. फक्त टाळ नाहीत आणि उड्या नाहीत. दुपारच्या प्रार्थनेत दुसऱ्या धर्मांचे उतारे वाचतात, एका दिवशी गुरू ग्रंथसाहिबमधला होता. तमिळनाडूत ख्रिस्ती देवळात बसून इंग्रजीत ग्रंथसाहिब ऐकत होतो आणि डोक्यात नांदेड, आणि आपल्या नर्सीच्या नामदेवांची ६१ पदं त्या ग्रंथात आहेत ते. जरा जास्तच ताठ बसलो मी त्या दिवशी.

पण सगळे म्हणताहेत आणि मी गप्प, हे सुरुवातीला फार जड गेलं. सोळा वर्षं खोलीत माझाच आवाज ऐकलेला. दुसरा म्हणताना आपण मनात पुढचं वाक्य जुळवायचं, ही मास्तरांची खोड, ती इथं चालेना कारण पुढचं वाक्य माझं नव्हतंच. बेनेडिक्टच्या नियमावलीचा पहिलाच शब्द आहे "ऐक". मी फिजिक्सच्या सरांना मेसेज टाकला की तुम्ही मला मुद्दाम पाठवलंत. त्यांनी हसणारी स्मायली टाकली.

हो, मेसेज टाकले. मोबाइल बंद करून ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पण फार सज्जनपणा केला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असा कंटाळा आला की विचारू नका. बाहेर पाऊस, तिकडं नोव्हेंबरात पाऊस असतो हे भूगोलात शिकलो होतो पण छत्री नेली नव्हती. डास. तीन वेळा भातासारखंच काहीतरी, इडली झाली तरी भातच की तो, ज्वारीच्या भाकरीची आठवण येऊन पोटात कालवायचं. आणि खोलीत मच्छरदाणीत बसून मी पोरांचे डाउट सोडवत होतो. क्रेब्ज सायकलमध्ये एटीपी किती, असला डाउट रात्री साडेदहाला टाइप करून सोडवला, दोन पोरांनी थँक्यू सर टाकलं, आणि झोप उडाली ती उडालीच.

एक सिस्टर, म्हणजे नन, भेटल्या त्या तिसऱ्याच दिवशी. चहाच्या वेळी वाढणाऱ्या पोराला मी स्लेटवर "साखर नको" लिहून दाखवलं, मराठीत. तो बिचारा बघतच बसला. मागून कुणीतरी खळखळून हसलं आणि त्याला तमिळ-इंग्रजीत समजावलं.

"मराठी का भाऊ? कुठले?"

लिहिलं, लातूर.

"अगं बाई. मी वैजापूरकडची. बोलता येत नाही का?"

लिहिलं, घसा. डॉक्टरनी बंद केलंय.

"मग बरंच झालं की. आम्हाला रिट्रीटला आल्यावर गप्प बसायचा प्रयत्न करावा लागतो, तुमचं आपोआप झालं."

त्या तिकडं गंगापूर-वैजापूर पट्ट्यात मुलींच्या हॉस्टेलचं काम बघतात, वर्षातून एकदा आठ दिवस रिट्रीट, म्हणजे मौन-प्रार्थनेचा एकांत, घ्यावीच लागते, यंदा इथं आल्या होत्या. मी विचारलं, म्हणजे लिहिलं, की रिट्रीटमध्ये नक्की करायचं काय असतं, मला तर कुणी काहीच करायला सांगेना. त्या म्हणाल्या, "काही नाही. घंटा झाली की जायचं." मी लिहिलं, बस? "बस. तेवढंच जमत नाही भाऊ. करून बघा."

मला वाटलं यात काय, मी तर घंटेवरच जगतो.

नाश्त्यानंतर पाहुणे भाजी चिरायला बसतात. सक्ती नाही, पण सगळे बसतात. माझ्याकडे ते सांबारचे छोटे कांदे आले, सोलायला महाकटकटीचे, एक मोठं टोपलं भरून. एक म्हातारे ब्रदर, एक जर्मन बाई, सिस्टर आणि मी. मी शिस्तीत धरलं, आधी सगळ्यांची बुडं उडवायची, मग सालं, असं वर्गीकरण करून. चौथ्या दिवशी काम उशिरा सुरू झालं आणि दुपारची घंटा झाली तेव्हा टोपल्यात वीस-पंचवीस कांदे राहिले होते. पाच मिनिटांचं काम. ब्रदरच्या हातात अर्धा सोललेला कांदा होता, त्यांनी तो तसाच, साल लोंबत असलेला, टोपल्यात ठेवला, सुरी ठेवली, हात पुसले आणि उठले. सिस्टर पण. मी खूण केली की तुम्ही व्हा पुढं, एवढे उरकून येतो. ब्रदरनी नुसतं बघितलं, रागानं नाही, आणि गेले.

मी उरकले. शेवटचा कांदा सोलून टोपलं स्वच्छ करून देवळात गेलो तेव्हा दोन स्तोत्रं होऊन गेली होती, मागं दाराशी बसलो, हाताला वास, डोळ्यातून पाणी. काम पुरं केल्याचं समाधान यायला पाहिजे होतं. नाही आलं. कांदे कुणाला लगेच लागणार पण नव्हते, ते संध्याकाळच्या सांबारचे होते.

दुपारी सिस्टरनी लायब्ररीत नियमावली काढून प्रकरण ४३ समोर ठेवलं आणि निघून गेल्या. त्यात लिहिलंय की प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातात जे असेल ते सोडायचं आणि ताबडतोब निघायचं, लगबगीनं पण गंभीरपणे, कारण प्रार्थनेच्या कामापेक्षा मोठं काही नाही. उशिरा आला तर त्याला सगळ्यांना दिसेल अशा शेवटच्या जागी उभं करायचं, म्हणजे लाजेनं तरी सुधारेल. हे तर आमच्या क्लाससारखंच. पण त्याच प्रकरणात हेही आहे की पहाटेच्या प्रार्थनेतलं सुरुवातीचं एक स्तोत्र मुद्दाम ओढून ओढून सावकाश म्हणावं, म्हणजे उशीर झालेल्याला पोचायला वेळ मिळेल. हे मात्र मला फार आवडलं. आणि आणखी एका ठिकाणी, उठताना एकमेकांना हळूच हाक मारा, कारण झोपाळू लोकांना सबबी सुचतात. हा माणूस हॉस्टेल चालवलेला असणार, शंभर टक्के.

तर माझी घंटा आणि त्यांची घंटा यातला फरक मला चाळीशी उलटल्यावर कांद्याच्या टोपल्यापाशी कळला. क्लासमध्ये घंटा झाली की मी म्हणतो, "दोन मिनिटं, एवढा टॉपिक संपवू." सोळा वर्षं. पोरं चुळबुळतात, पुढची बॅच दारात उभी असते, मी आवाज चढवतो कारण बाहेरचा गोंगाट वाढलेला असतो. घशाचं वाटोळं झालं ते बहुतेक याच दोन-दोन मिनिटांत. ईएनटीनी विचारलं होतं, सगळ्यात जास्त ताण कधी येतो, तेव्हा मला सांगता आलं नव्हतं.

पाचव्या दिवसापासून मी ते करून बघितलं, घंटा झाली की सोडायचं. कांदा असो, पुस्तकातलं वाक्य असो, मोबाइलवर अर्धा टाइप केलेला डाउट असो. पहिल्या वेळी अक्षरशः अंगाला खाज सुटल्यासारखं झालं. एकदा मेसेज "उत्तर ब आहे कारण" इथपर्यंत लिहून निघालो, परत आल्यावर बघितलं तर पोरानं स्वतःच कारण शोधून ग्रुपवर टाकलं होतं. बरोबर होतं. थोडं वाईटच वाटलं.

रोज जमलं असं नाही. सहाव्या दिवशी पहाटे उठलोच नाही, सबब म्हणून पाऊस होता. शेवटच्या दिवशी मात्र पाऊस थांबला आणि संध्याकाळच्या ध्यानाला मी नदीवर गेलो, कावेरी एवढी रुंद की पलीकडची झाडं छोटी दिसतात. ध्यान वगैरे मला काही लागत नाही, मी नुसता पाण्याकडे बघत बसलो, लातूरचा माणूस अजून काय करणार. घंटा झाली. उठलो. उठावंसं अजिबात वाटत नव्हतं, हेही सांगतो.

निघताना ऑफिसात जमेल तेवढे पैसे दिले. ब्रदरनी एका पिशवीत किलोभर छोटे कांदे बांधून दिले, बहुतेक सिस्टरनी सांगितलं असणार. कुणाला जायचं असेल तर आधी मेल करून जा, ओडोमॉस न्या, छत्री न्या, आणि लोणचं न्या.

लातूरला आल्यावर तपासणी झाली, गाठी लहान झाल्यात पण गेल्या नाहीत, थेरपी चालू आहे, तोंडाला नळी लावून पाण्यात बुडबुडे काढायचे, लेकीला फार मजा वाटते. क्लासला गेलो तेव्हा नेफ्रॉनची आकृती निम्मी झाली असताना घंटा झाली, मार्कर ठेवला. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणली, "सर, हेन्लेचं लूप राहिलं." म्हणलं उद्या. वर्गात अशी शांतता झाली की जणू मी काहीतरी वाईट बातमी दिली. आठवड्याभरात ऑफिसातून विचारणा आली की तुमच्या बॅचचं पोर्शन दीड लेक्चर मागं आहे. आहे खरं.

आणि ते कांदे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आई आणि मी ओसरीत सोलायला बसलो, ती म्हणत होती असले कसले रे कांदे, सोलता सोलता जीव जातो, त्यापेक्षा आपले बरे. अंधारून आलं. तिच्या हातात कांदा होता, निम्मा सोललेला. तिनं तो तसाच ताटात टाकला, पदराला हात पुसले आणि दिवा लावायला उठली. आतून हरिपाठ सुरू झाला, देवाचिये द्वारीं. मी तिला हे असं उठताना किती हजार वेळा बघितलं असेल, आणि कितीदा म्हणलं असेल की आई, एवढं उरकून जा की.

मी सुरी खाली ठेवली आणि आत जाऊन मागं बसलो. म्हणता येत नव्हतं, ऐकलं. संपल्यावर ती वळून म्हणली, "कांदे कोण सोलणार?"